टाकीतली मंडळी

काकांच्या घरी रात्र दुपारी एकला व्हायची. एकला पाच मिनिटं कमी असताना ते उठायचे, बाहेरच्या खोलीचे काळे पडदे ओढायचे, पंखा हळू करायचे आणि समोर जो कोणी बसला असेल त्याला आवाज खाली आणायला सांगायचे. एकच्या ठोक्याला काचेच्या टाकीवरचा दिवा आपोआप मालवायचा. मग लाल काचेची विजेरी घेऊन ते खुर्ची टाकीपाशी ओढत आणि लग्नाला आल्यासारखे ताठ बसत. पाच-सात मिनिटांत दगडांच्या भोकांतून एकेक डोकं बाहेर येई.

"मंडळी आली," काका म्हणत.

मंडळी म्हणजे किडे. बोटाएवढे लांब, गुलाबी-करड्या रंगाचे, गोमेसारखे चालणारे, आणि दोन्ही अंगांना दात घासायच्या ब्रशासारखे पांढरे केस असलेले. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे लोक या किड्यांच्या नावानं बोटं मोडतात. दगडांबरोबर ते न बोलावता येतात, जोमानं वाढतात आणि माणूस झोपला की फिरायला निघतात. काकांना रात्री नऊच्या पुढे डोळे उघडे ठेवता येत नसत. मंडळी तर अंधाराशिवाय बाहेर येत नाहीत. मग काकांनी टाकीचा दिवसच फिरवला. रात्रभर तिच्यावर दिवा आणि दुपारी मिट्ट काळोख. कोलकात्यातल्या आमच्या हाजऱ्याच्या गल्लीतले लोक रात्री त्या खिडकीतला निळा उजेड बघत आणि म्हातारा जागा आहे असं समजत. म्हातारा घोरत असे.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. बँकेनं मला नाशिकहून उचलून एस्प्लनेडच्या शाखेत टाकलं तेव्हा तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी हा पत्ता दिला होता. घर मराठी माणसाचं, एवढंच सांगितलं होतं. माणूस कसा आहे ते मुद्दामच सांगितलं नसावं. जागा बघायला गेले तर काकांनी ना माझं आडनाव विचारलं, ना नवरा का बरोबर नाही ते. त्यांनी विचारलं, किड्यांची भीती वाटते का. पंधरा दिवस गेस्ट हाउसमध्ये काढल्यावर माणूस कशालाही नाही म्हणतो. मी नाही म्हणाले. त्यांनी लगेच मला टाकीपाशी नेलं, आणि माझं धैर्य दाखवायला मी पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या दगडाला हात लावला. त्याच्याखाली एक सभासद होता. बोटांत काचेचा भुगा शिरल्यासारखं झालं. काकांनी शांतपणे खिशातून चिकटपट्टी काढली, माझ्या बोटांवर दाबून ओढली, असं चार वेळा केलं आणि वर व्हिनेगर चोळलं. चिकटपट्टी त्यांच्या खिशात कायम असे. मग म्हणाले, खोली तुझी.

गल्लीत त्यांना पोकादादू म्हणत. पोका म्हणजे किडा आणि दादू म्हणजे आजोबा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. कुणी हाक मारली की खिडकीतून हात हलवत.

बजबजच्या तेलाच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या मोठमोठ्या टाक्यांवर शिडीनं चढायचं, पितळी वजन लावलेली टेप आत सोडायची आणि तेल किती आहे ते मोजायचं, हे त्यांचं काम. रोज सियालदहाहून लोकलनं बजबज आणि परत. सवय अंगात इतकी मुरली होती की निवृत्तीनंतरही ती टेप दाराच्या खिळ्याला लटकत असे. पावसात गल्लीत पाणी भरलं की काका पायरीवर उभे राहून वजन सोडत आणि रिक्षावाल्यांना बंगालीत आकडा सांगत. रिक्षावाले त्यावर ठरवत, जायचं की नाही. माझ्या चहाच्या कपातही त्यांचं लक्ष असे. अर्धा कप टाकून उठले की म्हणत, उद्यापासून अर्धाच देतो.

त्यांचं मराठी मात्र बघण्यासारखं होतं. जन्म कोलकात्यात, शाळा बंगाली आणि इंग्रजीत, महाराष्ट्र पाहिला तो सगळा मिळून दोनदा. भाषा शिकवली आईनं, आणि तीही स्वयंपाकघरात, पाटावर बसवून. त्यामुळे त्यांना अवघडातली अवघड गोष्ट सांगायची असली तरी शब्द ओट्यावरचेच असत. नवी टाकी लावताना जुन्या टाकीतला एक सच्छिद्र दगड घालावा लागतो, त्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे पाणी माशांना राहण्याजोगं होतं. काका त्याला विरजण म्हणत. मासे खाऊन उरलेलं ते खरकटं. आणि किडे म्हणजे पंगत उठल्यावर येणारी मंडळी. एवढी घाण घरात ठेवता कशाला, असं मी एकदा विचारलं, तर ते खरोखर दुखावले.

"घाण ते करत नाहीत. घाण आपण करतो," ते म्हणाले. "किडा दिसला की किड्याला मारायला धावू नये. आधी विचारावं, काय सांडलंय?"

हा प्रश्न त्यांचा सगळीकडे चाले. माझ्या ओट्यावर मुंग्या झाल्या, काकांनी विचारलं, काय सांडलंय. बँकेत एक सहकारी माझ्याबद्दल वरिष्ठांचे कान भरतो म्हणून मी चिडून आले, तेव्हाही हाच प्रश्न. मी त्या दिवशी त्यांच्याशी नीट बोलले नाही. चार दिवसांनी आठवलं, की त्या सहकाऱ्याची एक चूक मीच सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवली होती.

आता कुणाला वाटेल, काका म्हणजे किड्यामुंगीला जीव लावणारे भाबडे गृहस्थ. तसं मुळीच नाही. एकदा टाकीतली सुंदर गोगलगाय मेली, आणि काकांना एका किड्याचा संशय आला. तो वीतभर लांब, रंगानं लालभडक, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीचा. ही जात खरंच शिकार करते. पण काकांनी लगेच निकाल दिला नाही. तीन आठवडे रोज दुपारी लाल विजेरी लावून त्याच्यावर नजर ठेवली. मला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे, त्या दिवशी साक्षीदार म्हणून मलाही बसवत. एका शनिवारी तो दुसऱ्या गोगलगाईवर चढलेला आम्ही दोघांनी पाहिला. तेव्हा कुठे काकांनी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घेतला, आत कोळंबी ठेवली, एक तोंड बंद केलं आणि नळी दगडांत सोडली. लालभाई संध्याकाळपर्यंत आत. बाहेर काढल्यावर मी व्हिनेगरची बाटली पुढे केली. काकांनी ती परत फडताळात ठेवली. खिडकीत एक बरणी होती, तिच्यात खारं पाणी आणि एक दगड घातला आणि त्याला तिथे सोडलं. वर्षभर तो तिथे राहिला. काका त्याला कैदी म्हणत, आठवड्यातून एकदा खायला घालत आणि महिन्याला पाणी बदलत.

बाकीच्या मंडळींचा ते वानोळा देत. आपल्याकडे शेतातलं पहिलं वांगं-वाल शेजारी पाठवतात तसं कुणी नवी टाकी लावली की काका बरणीत पाच-सहा किडे घालून पोचवायला जात. मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून लोक घेत आणि काकांची पाठ वळली की फेकून देत, अशी माझी खात्री होती. बेहाला, दमदम, हावडा, कुठेकुठे त्यांनी किडे वाटले होते. आईचा शब्द आणि आईचीच रीत, फक्त भाजी बदलली, असं मी नाशिकला फोनवर सांगायची आणि आम्ही दोघं नवराबायको हसायचो.

मग काकांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाले. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, एकेक करू, मध्ये महिना-दीड महिना जाऊ दे. ऑपरेशन तासाभराचं, पण नंतर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि टाकीच्या पाण्यात हात तर अजिबात घालायचा नाही. काका हात घातल्याशिवाय राहणार नाहीत हे ओळखून त्यांची लेक त्यांना दहा दिवस न्यू टाउनला स्वतःच्या घरी घेऊन गेली.

टाकी माझ्याकडे आली. जाण्यापूर्वी काकांनी दहा पुड्या बांधल्या, होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे बांधतात तशा. दोन्ही डोळ्यांसमोर धुकं, म्हणून कागद नाकाला लावून घड्या घातल्या. प्रत्येकीत चिमूटभर तपकिरी खाणं. रोज एक, त्यापेक्षा कणभर जास्त नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. टाकीत तेव्हा चार मासे होते. त्यातली नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी काकांनी निवृत्तीच्या वर्षी आणलेली, तेरा वर्षांची. काका उठले की ती दोघं काचेपाशी येत, आणि काका त्यांच्याशी आदल्या दिवशीच्या बातम्या बोलत. जाताना दारातून ते परत आले, त्या दोघांपुढे उभे राहिले, काचेला बोट टेकवलं आणि गेले.

पहिल्या दिवशी मी पुडी सोडली. अर्ध्या मिनिटात फस्त. आणि ती जोडी काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत राहिली, तोंड उघडं, बंद, उघडं. आता सांगते, मी ज्या घरात वाढले तिथे पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तरी हात बाजूला करून पोळी वाढतात. रिकाम्या पानासमोर मोकळ्या हातानं उभं राहणं मला शिकवलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन पुड्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी पुड्या संपल्या, तेव्हा मी बँकेतून येताना खाण्याची डबी विकत आणली. लाल दाण्यांची, चांगली महागातली. सकाळी चमचाभर, संध्याकाळी चमचाभर. मासे खूश होते. काकांचे दहा रिकामे कागद मी नीट घडी करून बशीत मांडून ठेवले आणि माझी डबी वर माझ्या फडताळात.

मंडळी वाढलेली दिसत होती. शनिवारी दुपारी पडदे ओढून बसले तर दगड नुसते हलत होते. आणि खाली वाळूवर निळा मासा मरून पडला होता, त्याच्यावर वीस-पंचवीस किडे. मला संताप आला. काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका क्षणात डोक्यातून गेलं. मी नळीचे तुकडे कापले, कोळंबी आणली, हातमोजे चढवले. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार मी किडे पकडले. नळीत येईनात त्यांना चिमट्यानं ओढलं. साठापर्यंत मोजले, पुढे मोजणं सोडलं. सगळे व्हिनेगरमध्ये. रविवारी संध्याकाळी दगड असे स्वच्छ दिसत होते, की काका आल्यावर मला शाबासकी देतील असं मला खरोखर वाटलं.

मंगळवारी पाणी ताकासारखं पांढरं झालं. खोलीत वास. तिसरा मासा तळाला, आणि ती जोडी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. त्याच सकाळी, मी बँकेला निघायच्या आत, काका परत आले, डोळ्यावर काळा चष्मा, हाताला धरलेली लेक.

काकांनी वास घेतला. टाकीजवळ गेले, चष्मा थोडा वर करून खूप वेळ पाहिलं. मी वाट पाहत होते, की आता ओरडतील.

"काय सांडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. किड्यांनी मासा खाल्ला, म्हणून किडे काढले," मी म्हणाले.

"बरं," काका म्हणाले, आणि खुर्ची मागितली.

त्यांना वाकता येत नव्हतं, बादली उचलता येत नव्हती, पाण्यात हात घालता येत नव्हता. तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि मी त्यांचे हात झाले. बँकेत रजा टाकली. गाळलेलं पाणी बादलीत, त्यात मोजून मीठ, ढवळायचं, काचेच्या तरंगत्या नळीनं खारटपणा बघायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा. मग टाकीतलं पाणी नळीनं ओढून काढायचं आणि नवं हळूहळू ओतायचं. एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. मध्येच म्हणत, पाठ सरळ कर, पाणी घे, मग उचल. संध्याकाळपर्यंत जोडी खाली उतरली. सकाळी पाणी परत पांढरं. परत बादल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

"खरकटं दगडांच्या आत आहे," काका म्हणाले. "तिथे तुझी नळी जात नाही, माझा हात जात नाही. तिथे जाणारे गेले."

जोडीतला लहान मासा त्या दिवशी आडवा होऊन पोहत होता. मी काकांची जुनी वही काढली आणि वानोळा दिलेल्या लोकांना एकेक करून फोन लावला. बेहालाच्या माणसानं टाकीच मोडली होती. दमदमच्या बाईंनी, मला वाटलं होतं तसं, किडे केव्हाच फेकले होते. तिसरे हावड्याचे दासबाबू, लेथ मशीनचा छोटा कारखाना चालवणारे. ते म्हणाले, या.

बाबूघाटावरून हुगळी ओलांडणारी लाँच घेतली. पलीकडे स्टेशनच्या मागे तासभर पत्ता शोधल्यावर दासबाबूंचा कारखाना सापडला. लोखंडाच्या किसातून वाट काढत त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक टाकी, तिच्यावर काळं कापड टाकलेलं, आणि हातात त्यांनी घेतली लाल काचेची विजेरी. मला एकदम रडू यायला लागलं. दासबाबूंनी तीस-चाळीस किडे बरणीत भरून दिले. उपकार झाले असं काहीतरी मी हिंदीत पुटपुटले, तर ते बंगालीत म्हणाले, "ए तो ओनारई जिनिश, दिदी." ही तर त्यांचीच वस्तू. सहा वर्षांपूर्वी पोकादादू पाच किडे घेऊन भर उन्हात इथवर चालत आले होते, तेव्हा मनातून हसलो होतो, असंही ते म्हणाले.

परतीच्या लाँचवर मी बरणी मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई आत बघून उठून गेली. मला माझी लाज वाटत होती. किडे मारल्याची नव्हे, ते न कळून झालं होतं. पण ते दहा कागद मी समजून-उमजून मांडले होते, आणि तीन दिवस तो माणूस माझ्या समोर बसून मला पाणी घे, दम घे म्हणत होता.

घरी आल्यावर काकांच्या सांगण्याप्रमाणे बरणी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवली, तासाभरानं किडे दगडांवर सोडले. मग वर जाऊन डबी आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काका, हे सांडलं होतं," मी म्हणाले. "रोज दोनदा. आणि कागद मी मुद्दाम मांडले होते."

काकांनी डबीकडे पाहिलंही नाही.

"माहीत आहे. माझं खाणं तपकिरी, दगडात अडकलेले दाणे लाल. नव्या डोळ्यानं घरात आल्यावर पहिलं स्वच्छ दिसलं ते तेच."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या," काका म्हणाले.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. काकांनी खिसे चाचपले. रुमाल नव्हता, म्हणून चिकटपट्टीचं रीळ काढून बघितलं आणि परत ठेवलं. तेवढ्यातही मला हसू आलं.

पाणी निवळायला अकरा दिवस लागले. लहान मासा वाचला. एक कल्ला जरा वाकडा राहिला, पण वाचला. एका दुपारी मी बँकेत असताना काकांचा फोन आला. मंडळी फिरायला निघालीत, एवढंच सांगून त्यांनी ठेवून दिला.

दीड महिन्यानं दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. मला वाटलं होतं, या वेळी टाकी दासबाबूंच्या हवाली होईल, आणि ते योग्यच झालं असतं. लेक टॅक्सी घेऊन दारात उभी होती. काकांनी माझ्या हातात किल्ली दिली आणि तपकिरी खाण्याचा अख्खा डबा दिला, काठोकाठ भरलेला.

"पुड्या?" मी विचारलं.

"डोळा एकच आहे. कोण बांधत बसणार," असं म्हणून ते टॅक्सीत बसले.

मागच्या वेळी दोन्ही डोळे अधू असताना त्यांनी दहा पुड्या बांधल्या होत्या. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी डबा घट्ट धरून पायरीवर उभी होते. मग आत गेले. जोडी काचेपाशी आली, तोंड उघडं, बंद, उघडं. मी चिमूट घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि अर्धी परत डब्यात टाकली. उरलेली पाण्यावर सोडली. एकला पाच मिनिटं होती, म्हणून पडदे ओढले, पंखा हळू केला आणि खुर्ची टाकीजवळ ओढून ताठ बसले.